वॅट १६००, अँपिअर १५ : माडीवरच्या सोडियम दिव्यांचं प्रकरण

जानेवारीचा दुसरा आठवडा. दोंडाईच्याजवळच्या एका गावातून फोन आला. दोन भावांतला धाकटा रोपं करतो, पण फोन थोरल्याचा होता. "एमसीबी आता पडत नाही, पण सॉकेट वितळलं. जमलं तर आजच या."

त्यातलं "आता पडत नाही" मला खटकलं. आधी पडत असलेला एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) आपोआप पडायचा थांबत नाही. कुणीतरी त्याला थांबवलेलं असतं.

धाकटा शेतकी शिकलेला, डोक्याने हुशार. शहादा, शिरपूर, शिंदखेडा या पट्ट्यात पपईची लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे रोप डिसेंबर-जानेवारीत तयार व्हायला हवं. नेमकी तेव्हाच आपल्याकडे थंडी कडक असते. पपईचं बी थंडीत उगवायला फार वेळ घेतं, उगवलेलं रोपही ठेंगणं राहतं. म्हणून याने माडीवरची खोली बंद केली, लोखंडी रॅक लावले, ट्रे भरले आणि वर दिवे टांगले. संध्याकाळी ६ ते सकाळी ८, असे १४ तास. उजेडही मिळतो आणि ऊबही. कल्पना चांगलीच होती, हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून पोरगा बिनडोक वाटेल आणि तसा तो नाही.

दिवे त्याने भंगारातून आणले होते. २०१५ पासून देशभर रस्त्यांवरचे सोडियम दिवे उतरवून एलईडी लावायची मोहीम चालली, त्यामुळे ४०० वॅटच्या जुन्या फिटिंगा भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने मिळतात. चार आणल्या. भिंतीवर खडूने हिशेब लिहिलेला होता, तो मी गेलो तेव्हाही तसाच होता: ४ × ४०० = १६००, भागिले २३० = ७ अँपिअर. खाली रेघ मारून "१६ चा एमसीबी, ओके".

वॅटच्या अंगाने बघितलं तर गणितात चूक नाही. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते.

घडलं ते असं. पहिल्याच आठवड्यात एमसीबी पडायला लागला. कधी वीस मिनिटांत, कधी तासाभराने. गावातल्या एका वायरमनला बोलावलं. त्याने १६ चा काढून ३२ चा बसवला आणि म्हणाला, आता त्रास नाही. खरंच त्रास झाला नाही. मग दहाएक दिवसांनी त्यांच्या आईला, म्हणजे मावशींना, रात्री वास यायला लागला. मला त्या म्हणाल्या, "माले ते बोंबीलना वास उना." त्यांना वाटलं शेजारी कुणी सुके बोंबील भाजतंय. दोन रात्री शेजारणीला नावं ठेवली. तिसऱ्या रात्री रॅकला हात लागला तर झिणझिण्या आल्या. "रॅक करंट मारस भाऊ," असं त्या सांगत होत्या, तर पोरगा म्हणाला, थंडीत स्वेटरचा करंट असतो तसा असेल. सकाळी सॉकेट वितळलेलं दिसलं.

इथे थोडं थांबतो. प्लग-सॉकेटचं प्लास्टिक, बॅकेलाइट, होल्डर असलं सामान हळूहळू तापत राहिलं की सुटणारा वास पुष्कळांना मासळीसारखा वाटतो. घरात मासे नाहीत आणि तरी तो वास येतोय, तर आधी बोर्डाकडे बघावं. मावशींचं नाक त्या घरातलं सगळ्यात चांगलं मीटर होतं, फक्त कुणी रीडिंग घेतलं नाही.

पहिलं रीडिंग

वितळलेलं सॉकेट बाजूला ठेवलं, दिवे तात्पुरते चांगल्या जोडणीवर घेतले, चालू करून दहा मिनिटं थांबलो आणि टाँग टेस्टर (वायर न तोडता करंट मोजणारं चिमट्यासारखं मीटर) फेजच्या वायरीला लावला. १५.२ अँपिअर.

पोरगा म्हणाला, "काका, तुमचं मीटर चुकतंय." साहजिक आहे. ७ च्या जागी १५ म्हणजे दुपटीहून जास्त. म्हणून एकेका दिव्याची वायर वेगळी मोजली: ४.५, ४.५, ४.५ आणि चौथा २.२. (सरळ बेरीज १५.७ येते, मीटर १५.२ दाखवतं. चौघांचे करंट एकाच क्षणी शिखरावर जात नाहीत, म्हणून हा फरक.)

चौथ्याने भांडं फोडलं. चौघं एकाच जातीचे, मग एकालाच निम्मा करंट का पुरतो? त्याचं झाकण उघडलं तर आत चोक, इग्निटर आणि कंडेन्सर तिन्ही जागेवर. बाकी तिघांपैकी दोघांत कंडेन्सर फुगून फुटलेला, एकात तो नव्हताच. भंगारवाल्याने काढून वेगळा विकला असेल.

सोडियमच्या दिव्याला चोक लागतो, कारण नळी एकदा पेटली की ती करंट ओढतच सुटते. चोक तिला आवरतो. पण चोक म्हणजे तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं. ते बराच करंट काम न करता नुसता ये-जा करायला लावतं. ४०० वॅटच्या दिव्यात नळीतून साधारण साडेचार अँपिअर वाहतात. ४५ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर हा ये-जा करणारा भाग फिटिंगच्या आतच भागवतो, म्हणून बाहेरच्या वायरीवर सव्वादोनच्या आसपासच येतात. कंडेन्सर गेला की दिवा तसाच पेटतो, उजेड तसाच पडतो. घरगुती मीटर युनिट मोजतं, ते वॅटवर. त्यामुळे बिलही तेवढंच येतं. बाहेरून काहीच कळत नाही. कळतं ते भिंतीतल्या वायरीला, आणि ती बोलत नाही.

त्यात चोकसुद्धा स्वतः वीज खातो, फिटिंगमागे तीस-चाळीस वॅट. म्हणजे ४०० चा दिवा खरा ४३०-४४० चा. आणि पेटल्यावर पहिली चार-पाच मिनिटं, नळी तापेपर्यंत, तो नेहमीपेक्षा जास्त ओढतो. चारही एका टायमरवर एकाच ठोक्याला लागायचे. शिवाय १६ च्या एमसीबीच्या खालच्या स्क्रूत दोन वायरी कोंबलेल्या होत्या आणि तो स्क्रू ढिला होता. तो पडत होता तो या सगळ्यामुळे. एमसीबीतली पट्टी उष्णतेवरच वाकते, ढिल्या स्क्रूची ऊबही तिला पोचते. थोडक्यात, त्या घरात नीट काम करणारी एकच वस्तू होती, आणि तीच बदलली गेली.

३२ चा एमसीबी बसवल्यावर काय झालं ते पाहू. माडीवर जाणारी वायर दीडची होती, म्हणजे १.५ चौरस मिलिमीटर तांबं. पाइपातून एकटी गेली आणि भोवतालचं तापमान ३० अंश असलं तर ती साडेसतरा अँपिअर सोसते. पण त्या पाइपातून आणखी दोन सर्किट गेलेली होती. तीन सर्किट एका पाइपात असली की एकमेकांना तापवतात, तेव्हा ०.७० ने गुणायचं: सव्वाबारा. वाहतात १५.२. रक्षण करतोय ३२ चा, आणि तो मानकाप्रमाणे ३६ अँपिअरपर्यंत पडायला बांधील नाही. एमसीबी दिव्यासाठी नसतो, भिंतीतल्या वायरीसाठी असतो. एवढं एकच वाक्य त्या वायरमनला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर मला धुळ्याहून जावं लागलं नसतं.

मीटरपासून माडीपर्यंत १८ मीटर अंतर, जाऊन-येऊन ३६ मीटर वायर. दीडच्या वायरीचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम, म्हणजे इथे ०.४३ च्या आसपास. त्यातून १५.२ अँपिअर गेले की शंभर वॅट भिंतीतच जळतात. १४ तासांचं जवळजवळ दीड युनिट रोज रात्री. पोराला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला, आगीच्या गोष्टीने पडला नव्हता तेवढा.

सॉकेट

चारही दिव्यांचा भार एका एक्स्टेन्शन बोर्डावर आणि त्या बोर्डाचा एक प्लग भिंतीत. १६ अँपिअरचंच सॉकेट होतं, म्हणजे कागदावर तेही बरोबर. उघडून हातात घेतलं. फेजच्या बाजूची पितळी पकड निळी-काळी पडलेली, तिचा ताण गेलेला. प्लगची पिन आत घातली की सुळकन निघायची. न्यूट्रलची बाजू मात्र अजून पिवळी आणि घट्ट. म्हणजे रोग एका पकडीत सुरू झाला होता.

ढिल्या पकडीचा रोध एक दशांश ओहम धरा. १५ चा वर्ग २२५, गुणिले ०.१, साडेबावीस वॅट. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. मोहरीएवढ्या जागेवर ती इस्त्री रोज १४ तास लावून ठेवल्यासारखं झालं. पितळ तापलं की त्याचा ताण जातो, ताण गेला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतं. आणि हे कुठलाच एमसीबी पकडत नाही, कारण करंट वाढत नाही. आरसीसीबीही (करंट भलतीकडे गळला की वीज तोडणारा स्विच) पकडत नाही, कारण गळती नाही.

घरातल्या वायरिंगला अशा भाराची सवय नसते. गिझर दहा मिनिटं चालतो, इस्त्री अर्धा तास, मिक्सर दोन मिनिटं. मधल्या वेळात सगळं निवतं. रोपांचे दिवे कारखान्याच्या पाळीसारखे चालतात. म्हणून "आमच्याकडे याच सॉकेटवर गिझर चालायचा" हा युक्तिवाद मी ऐकून घेतो आणि पुढे जातो.

रॅकला करंट कुठून आला

चोक फार तापतात म्हणून याने चौथा दिवा सोडून बाकी तिघांचे चोक-इग्निटर फिटिंगमधून काढून खोलीबाहेर गच्चीच्या कठड्याला लावले होते. विचार ठीक. पण चोक-इग्निटरपासून दिव्यापर्यंत त्याने घंटीला वापरतात तसली पातळ वायर नेली, आणि ती रॅकच्या पत्र्याच्या कडेवरून वळवली. सोडियमचा दिवा पेटवताना इग्निटर काही हजार व्होल्टचे ठोके देतो. तिथे साधी वायर चालत नाही, आणि इग्निटर दिव्यापासून लांब नेलेलाही चालत नाही. इन्सुलेशनला कडेवर बारीक काप गेला होता, सुईने टोचल्याएवढा, भोवती काळा ठिपका. रोज संध्याकाळी ६ वाजता ठोके बसून बसून तो रुंदावत गेला. वर खोलीत पाण्याचा फवारा. ओल आणि काप एकत्र आले की रॅक जिवंत.

रॅकला अर्थ (गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी) होता का? होता. अर्थची हिरवी वायर रॅकच्या पायाला बांधलेली होती, सॉकेटच्या मोठ्या पिनेपर्यंत आणि तिथून खाली खड्ड्यापर्यंत जात होती. मग?

अर्थ तपासायची जुनी पद्धत म्हणजे फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघणं. अर्थ चांगला असेल तर बल्ब पूर्ण पेटतो. इथे तो मंद, पिवळट पेटला आणि तिथेच राहिला. (हे करताना घरातल्या सगळ्यांना बाहेर ओट्यावर बसवलं होतं. अर्थ खराब असताना असा बल्ब लावला की फ्रिज, कूलर, रॅक, अर्थला जोडलेलं सगळं त्या क्षणी जिवंत होतं. हौसेने करायचा हा प्रयोग नाही.) मग अर्थ टेस्टरने मोजलं, १८० ओहम.

खड्डा घर बांधलं तेव्हाचा. मीठ-कोळसा घालून पुरलेला पाइप वरच्या अंगाला गंजून गेलेला. आणि आपली काळी जमीन. पावसाळ्यात ती पाइपाला घट्ट धरते, अर्थ उत्तम दाखवते. पाऊस संपला की आक्रसते, भेगा पडतात, पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट राहते. ज्याने अर्थ ऑगस्टमध्ये मोजला त्याला कधी शंका यायची नाही.

२३० भागिले १८० म्हणजे सव्वा अँपिअर. फेज सरळ रॅकला चिकटली असती तरी सव्वा अँपिअरने ३२ चा काय, ६ चा एमसीबीही पडत नाही. बरं, अर्थ सुधारून ५ ओहम केला तरी? ४६ अँपिअरच्या आत. सी प्रकारचा १६ चा एमसीबी झटक्यात पडायला ८० ते १६० लागतात. ४६ ला तो काही सेकंद घेईल, आणि रॅकला हात चिकटलेल्या माणसाला काही सेकंद फार होतात. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारा आणि येणारा करंट सारखा नसला की तो तोडतो, अर्थ बेताचा असला तरी. या घरात तो नव्हताच.

काय केलं

माझं मत होतं, चारही सोडियम भंगारात परत द्यावे. पोरगा अडून बसला. ऊब हवी, आणि एलईडीला तेवढी ऊब नाही. बोलण्यात तथ्य होतं. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, हे मलाही ठाऊक आहे. शेवटी दोन सोडियम ठेवले आणि दोनच्या जागी २४० वॅटच्या तीन एलईडी पट्ट्या घेतल्या.

दोन्ही सोडियमना नवे कंडेन्सर, अंगावर रोध असलेले. रोध नसेल तर बंद केल्यावरही कंडेन्सर भरलेला राहतो. चौथ्या दिव्यातून काढलेल्या कंडेन्सरची टोकं मी बल्बमधून जोडून दाखवली तेव्हा एक ठिणगी उडाली. पोरगा दोन पावलं मागे गेला. रोज तो त्याच झाकणात हात घालत होता. इग्निटर पुन्हा फिटिंगच्या आत, दिव्याला लागून. चोकही आत, लोखंडी पेटीत, लाकडापासून आणि पत्र्याच्या छतापासून दूर.

मीटरपासून माडीपर्यंत नवी चारची वायर, स्वतःच्या पाइपातून, तिच्यात दुसरं काही नाही. वर छोटी डीबी (स्विचांची पेटी): २५ अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि सी १६ चा एमसीबी. आरसीसीबी ए प्रकारचा घेतला, कारण एलईडीच्या ड्रायव्हरमधली गळती नेहमीच्या साध्या लहरीची नसते आणि दुकानात सहज मिळणारा एसी प्रकार ती नीट ओळखेलच असं नाही. एमसीबीच्या एका स्क्रूत एकच वायर, टोकाला लग्ज दाबून. प्लग-सॉकेट पूर्ण काढलं, फिटिंगा थेट कनेक्टरवर.

टायमर आधी दिव्यांचा पूर्ण भार स्वतः तोडत-जोडत होता. त्याच्यावर १६ अँपिअर लिहिलेलं असतं ते हीटरसारख्या साध्या भारासाठी. चोक-कंडेन्सरच्या भाराला त्याचे पॉइंट चिकटतात, आणि मग दिवे वेळेवर बंदच होत नाहीत. आता टायमर फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार तोडणारा-जोडणारा विजेवरचा स्विच) कॉइल ओढतो. सोडियमचा कॉन्टॅक्टर आधी, एलईडीचा दोन मिनिटांनी. मध्ये लाइट गेली आणि आली तर सगळंच पाच मिनिटं थांबतं. तापलेला सोडियम तसाही लगेच पेटत नाही, निवेपर्यंत इग्निटर नुसता ठोके मारत बसतो.

मोजलं: सोडियम २.२ आणि २.२, एलईडी तिन्ही मिळून ३.२, पंखा-पंपासह एकूण ८ च्या आसपास. हातात धरली तर वायर गार.

अर्थचा नवा खड्डा मोरीच्या पाण्याच्या वाटेजवळ घेतला, ३ मीटर जीआय पाइप, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती). ३.८ ओहम. रॅकचे चारही पाय एकमेकांना आणि अर्थला जोडले. प्रत्येक केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी ओघळलं तरी झोळातून टपकेल, पेटीत शिरणार नाही. फिटिंगा साखळीवर, केबलवर नाहीत. जिन्यात पावडरचा अग्निशामक. आणि महावितरणकडे भार वाढवायचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराच्या टेस्ट रिपोर्टसह. थोरला म्हणाला, याची काय गरज? मी म्हणालो, मंजूर भार तुमच्या बिलावर छापलेला असतो, तो वाचा. वाचला, आणि गप्प बसला.

त्याच संध्याकाळी ६ वाजता आरसीसीबी पडला. उचलला, पुन्हा पडला. पोराने लगेच सुचवलं, "काका, याला बायपास करू ना सध्या." इथे मी जरा आवाज चढवला. बारा दिवसांपूर्वी हेच वाक्य दुसऱ्या कुणीतरी एमसीबीबद्दल म्हटलं होतं.

दिवे एकेक करून काढले, तरी पडतोच. शेवटी पाण्याच्या छोट्या पंपाची वायर सोडली आणि थांबला. पंपाची फेज नव्या डीबीतून होती, न्यूट्रल मात्र जिन्यातल्या दिव्याच्या जुन्या वायरीतून उसनी घेतलेली. पंप चालला की करंट आरसीसीबीतून जायचा आणि परत भलत्याच वाटेने यायचा. आरसीसीबीच्या दृष्टीने ती गळतीच. जुन्या घरांत हे इतकं सापडतं की मी आता आरसीसीबी लावायच्या आधीच न्यूट्रल शोधतो. त्या दिवशी शोधली नव्हती, ती चूक माझी. वीस मिनिटांचं काम होतं, दोन तास गेले, आणि मावशींनी तेवढ्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला.

मे महिन्यात त्या बाजूला काम निघालं म्हणून डोकावलो. रोपं फेब्रुवारीतच लागवडीला गेली होती, खोलीत रिकामे ट्रे. अर्थ मोजला, ६.१. खड्ड्याभोवतीच्या मातीला भेगा होत्याच. मोरीचं पाणी दुसरीकडे वळवलं होतं, ते परत खड्ड्याकडे घ्यायला लावलं. मग मेन बंद करून डीबीचे स्क्रू एकेक तपासले. सगळे घट्ट होते. एमसीबीच्या खालच्या फेजचा तेवढा पाव फेरा फिरला.